जनरल रजिस्टर आणि इतिहासाचा तास

आपल्या विद्यालयाच्या या स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीविषयी पुष्कळ लिहिले जाईल. संस्थापकांचे कष्ट, पहिले वर्ग, वसतिगृहासाठी दारोदार गोळा केलेले धान्य, पहिल्या तुकडीचा निकाल या सर्वांची नोंद व्हावी, अशी आमचीही इच्छा आहे. आम्ही मात्र, म्हणजे विद्यालयात इतिहास शिकविणारे शिक्षक, या निमित्ताने एक निराळा प्रश्न वाचकांपुढे ठेवू इच्छितो. ज्या कागदांच्या आधारे ही वाटचाल लिहावयाची, ते कागद आज कोठे आहेत? आणि आपल्या मुलांना ते कधी वाचावयास मिळतात का?

आमचे मत असे की, इतिहासाच्या तासाला पाठ्यपुस्तकाबरोबरच शाळेचे, गावाचे आणि घरचे जुने कागद वर्गात आले पाहिजेत. आठवड्यातील एक तास त्यासाठी राखून ठेवावा. निवासी विद्यालयात हे इतर शाळांपेक्षा अधिक सहज होण्यासारखे आहे. गावातल्या शाळेत एकाच गावची मुले असतात. आपल्याकडे एका वर्गात वीस-पंचवीस गावांची मुले बसतात. दिवाळीच्या सुटीतून परतताना प्रत्येकाने एकेका कागदाची नक्कल आणली, तरी तेवढ्या गावांचे दप्तर एका फळ्यासमोर उभे राहते.

आपली मुले इतिहासात कच्ची आहेत, असे कोणी म्हणू नये. महाडचा सत्याग्रह १९२७ साली झाला, धम्मदीक्षेचा सोहळा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झाला, हे पाचवीतले मूलही सांगते. जयंतीच्या व्यासपीठावर ते न अडखळता भाषण करते. पण त्याच मुलाला विचारावे की, तुझ्या गावातील सार्वजनिक विहीर तुझ्या आजोबांसाठी कोणत्या साली खुली झाली, तर ते गप्प होते. याचे उत्तर शिक्षकांनाही देता येत नाही, कारण ते कोणत्याही पुस्तकात नाही. असलेच तर ग्रामपंचायतीच्या ठराव-पुस्तकात आहे, नाही तर गावातल्या एखाद्या वृद्धेच्या आठवणीत आहे.

जाता जाता आणखी एक सांगावेसे वाटते. आपल्या समाजातील बहुतेक सभागृहांच्या भिंतींवर इतिहासाविषयीचे एक वाक्य बाबासाहेबांच्या नावाने रंगविलेले असते. त्याखाली ग्रंथाचे नाव नसते, भाषणाचा दिनांक नसतो, पान तर नसतेच. मुलांनी ‘हे बाबासाहेब कोठे आणि कधी म्हणाले?’ असे विचारावे आणि शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले त्यांचे लेखन व भाषणांचे खंड उघडून शोधावे, यात अनादर मुळीच नाही. पानोपानी आधार देऊन लिहिणाऱ्या माणसाच्या अनुयायांनी आधार मागण्याची लाज का बाळगावी?

शाळेच्या कार्यालयातील सर्वांत मोलाचा ऐतिहासिक दस्तऐवज कोणता, असे विचारले तर आम्ही जनरल रजिस्टरकडे बोट दाखवू. सातारच्या तत्कालीन सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी ‘भिवा रामजी आंबेडकर’ या नावाचा विद्यार्थी दाखल झाला. रजिस्टरमधील त्याचा क्रमांक १९१४. ही एक ओळ त्या शाळेने जपून ठेवली, म्हणून २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी रजिस्टरात नाव लिहिणाऱ्या कारकुनाला आपण कोणाचे नाव लिहितो आहोत, हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने इतर मुलांची नावे जशी लिहिली, तसेच तेही लिहिले. आपल्या रजिस्टरांतील कोणती ओळ उद्या कोणाला हवी होईल, हे आज आपल्यालाही सांगता येणार नाही.

आठवीच्या वर्गासोबत आम्ही हा प्रयोग गेली दोन वर्षे करीत आहोत. विद्यालयाच्या सर्वांत जुन्या रजिस्टरची काही पाने आम्ही नावे झाकून मुलांपुढे ठेवली आणि ‘काय दिसते?’ एवढेच विचारले. एका मुलीने पहिल्या पाच मिनिटांतच हात वर केला. जन्मतारखेच्या रकान्यात पुन्हा पुन्हा १ जून! एवढी सगळी मुले एकाच दिवशी कशी जन्मली? वर्गात हशा पिकला. मग उलगडा मुलांनीच केला. शाळा जूनमध्ये सुरू होते. दाखल करताना तारीख लिहावी लागते. आईबापांनी जन्माची नोंद केलेली नसते. त्यांना आठवते ते एवढेच, की पोर मोठ्या पुरात झाले किंवा दुष्काळात झाले. गुरुजी मुलाचे वय अंदाजाने ठरवतात आणि १ जून लिहून मोकळे होतात. हीच तारीख पुढे नोकरीत लागते आणि निवृत्तीपर्यंत माणसासोबत चालते. वर्गातील कित्येकांच्या आजोबांचा वाढदिवस १ जूनलाच असल्याचे त्या दिवशी बाहेर आले. सरकारी कागदावर लिहिलेले अक्षरशः खरे असतेच असे नाही, आणि ते खोटे असले तरी त्यातून खरी गोष्ट कळू शकते, हे मुलांना त्या एका रकान्याने शिकविले. पाठ्यपुस्तकात इतिहासाच्या साधनांवर एक प्रकरण असते. ते आम्ही अनेक वर्षे शिकवीत आलो आहोत. एवढे लक्ष देऊन ते कोणी ऐकलेले आम्हांला आठवत नाही.

इतर रकानेही बोलके असतात. ‘शाळा सोडल्याचे कारण’ या मथळ्याखाली ‘सतत गैरहजर’ असे दोन शब्द असतात. ते मूल ऊसतोडीला गेले होते की धाकट्या भावंडांना सांभाळत होते, हे लिहिणाऱ्याने विचारलेले नसते. वडिलांच्या नावाला रकाना असतो. जुन्या पानांवर आईच्या नावाला जागाच नसते. कागदावर काय आहे यापेक्षा काय नाही, हे पाहावयास मुले लवकर शिकतात. आपली मुले तर फारच लवकर.

या प्रयोगाला विरोधही झाला, आणि तो आम्ही हलक्याने घेत नाही. पालक सभेत एका वडिलांनी उभे राहून विचारले, “सर, ज्या शब्दाने आमच्या बापाला गावाने हाक मारली, तो शब्द आम्ही पोरांना वाचून दाखवायचा का? त्यासाठी इथं ठेवलंय का त्यांना?” सभागृह शांत झाले. प्रश्न रास्तच होता. गावच्या जुन्या नोंदींत जातीचा उल्लेख आहे. आजोबांचे नाव धोंड्या, भिक्या, सख्या असे तोडून लिहिलेले आहे, आणि त्याच पानावर दुसऱ्या आळीतील माणसाच्या नावापुढे ‘पाटील’ किंवा ‘राव’ आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने हे पाहिले, तर त्याच्या मनाला लागणारच.

तरीही ते दाखवावे, असेच आमचे मत आहे. मुलाला तो शब्द ठाऊक नसतो, ही आपली समजूत आहे. त्याला तो रस्त्यावर, बसमध्ये, क्रिकेटच्या मैदानात कोणीतरी ऐकविलेलाच असतो, आणि तेव्हा सोबत शिक्षक नसतात. वर्गात तो कागदावर भेटला, तर त्याला प्रश्न विचारता येतात. हे कोणी लिहिले? लिहिणाऱ्याची जात कोणती असावी? ‘धोंड्या’ हे नाव धोंडिबाने स्वतः सांगितले, की त्याच्या नावाचा तो तुकडा लिहिणाऱ्याने पाडला? शिवाय त्याच गावच्या प्राथमिक शाळेचे रजिस्टर पुढे उलटत गेले, की १९५६ नंतरच्या कोणत्या तरी पानावर त्या रकान्यात ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ असे लिहिलेले सापडते. कोठे ते लगेच सापडते, कोठे दहा-बारा वर्षांनी, कोठे जुना शब्द खोडून वर नवा लिहिलेला असतो. कोणत्या गावात किती उशीर लागला आणि का, हा दीक्षेचा इतिहासच आहे. नागपूरच्या मैदानात झालेला बदल आपल्या गावच्या शाळेच्या कागदावर उतरण्यासाठी कोणाला तरी गुरुजींसमोर उभे राहून ‘असे लिहा’ म्हणावे लागले असेल. तो माणूस बहुधा आपल्याच वर्गातील कोणाचा तरी पणजोबा असतो.

काही नियम मात्र आम्ही कटाक्षाने पाळतो, आणि पालकांनीही त्यांवर लक्ष ठेवावे. हयात असलेल्या माणसाची नोंद वर्गात दाखविली जात नाही. कोणत्याही मुलाला स्वतःच्या घरचा कागद आणण्याची सक्ती नाही. कागदाचे छायाचित्र मोबाइलवरून कोठेही पाठविले जात नाही. पालक सभेनंतर दोन मुलांच्या घरच्यांनी ‘आमचे नको’ असे कळविले. त्या मुलांनी वसतिगृहाच्या जुन्या किराणा वहीवर काम केले आणि कोणत्या वर्षी ज्वारी मागे पडून गहू वाढला, ते शोधून काढले. तेही काम उत्तम झाले.

आपल्या समाजाला जुन्या कागदांची ओळख नाही असे नव्हे. जात प्रमाणपत्राची पडताळणी करावयाची, तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, हे घराघरात माहीत आहे. त्यासाठी आजोबांच्या शाळेचा दाखला, कोतवाल बुकातील जन्माची नोंद, गाव नमुना १४ यांच्या मागे किती हेलपाटे घालावे लागतात, हे आमच्या माजी विद्यार्थ्यांना सांगावयास नको. अभिलेख कक्षापुढच्या बाकावर अर्धा दिवस बसून ‘रजिस्टर जीर्ण झाले, देता येत नाही’ हे उत्तर कित्येकांनी ऐकले आहे. आपला आणि अभिलेखाचा संबंध असा केवळ गरजेपुरता आणि धास्तीचा राहिला. नक्कल मिळाली की ती फाइलीत जाते, आणि त्याच पानावरील इतर वीस नावांकडे कोणी पाहत नाही.

कागद आपल्या बाजूने कसा उभा राहतो, याचे उदाहरण म्हणून आम्ही मुलांना महाडचाच पुढचा भाग शिकवितो. तो व्यासपीठावरील भाषणांत सहसा येत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. त्यानुसार महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला, म्हणून २० मार्च १९२७ घडले. त्यानंतर नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला आणि डिसेंबरमध्ये काही सनातनी मंडळींनी बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दावा दाखल केला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची प्रथा अनादी काळापासून चालत आली आहे, असा त्यांचा आधार होता. दावा जवळजवळ दहा वर्षे चालला. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अशी अनादी प्रथा वादींना सिद्ध करता आलेली नाही. ‘पूर्वीपासून असेच आहे’ या वाक्यापुढे न्यायालयात ‘कशावरून?’ हा प्रश्न उभा राहिला आणि उत्तर आले नाही. भगवान बुद्धांनी कालामांना परंपरेविषयी जे सांगितले, ते ज्यांनी वाचले आहे त्यांना या प्रश्नाची ओळख जुनी आहे. आम्ही वर्गात या खटल्याची दिनांकपट्टी मुलांकडून करवून घेतो; २० मार्च १९२७ ते १७ मार्च १९३७ हे अंतर भिंतीवर सुतळीने दाखविले, की मुले ते पाहत उभी राहतात.

वतनाचे कागद याहून अवघड. १८७४ च्या कायद्याने बांधलेले महार वतन, त्यात सुधारणा करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मांडलेले विधेयक आणि अखेर १९५८ च्या कायद्याने झालेले वतनांचे उच्चाटन हे पुस्तकातून शिकविता येते. परंतु गावच्या फेरफार नोंदवहीत तीच जमीन पुढे कोणाच्या नावे लागली, हेही लिहिलेले असते, आणि आज तेथे उभ्या असलेल्या घरांत राहणारी माणसे हयात असतात. हा भाग आम्ही नववीच्या पुढेच घेतो, आणि तोही गावांची नावे काढून. घाई करण्यात शहाणपण नाही.

आता लेण्यांविषयी. आपली सहल लेण्यांवर जाते, मुले वंदना घेतात, पायऱ्यांवर गटाचे छायाचित्र होते, डबे उघडले जातात आणि संध्याकाळी गाडी परत फिरते. भिंतीवरची ब्राह्मी अक्षरे मागेच राहतात. वास्तविक महाराष्ट्रातील सर्वांत जुने स्थानिक दप्तर तेच आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक लेख आहे. त्याच्या आरंभी वर्ष ४२ आणि वैशाख महिना असा काळाचा उल्लेख आहे. त्याने संघासाठी ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. २००० शेकडा एक दराने आणि १००० शेकडा पाऊण दराने. मूळ रक्कम परत घ्यावयाची नाही, व्याजच तेवढे वापरावयाचे. पहिल्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे. हा दर महिन्याचा समजून मुलांनी वहीत गणित केले. २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षूंना प्रत्येकी १२, म्हणजे २४०. उत्तर जुळताच सर्वांत मागच्या बाकावरील मुलगा ओरडला, “सर, बरोबर आलं!” सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशेब त्याने तपासून पाहिला होता.

त्या लेखाच्या पुढच्या भागात हे सर्व निगमसभेत वाचून दाखविले आणि रीतीप्रमाणे फलकांवर नोंदविले, असेही म्हटले आहे. याचा अर्थ, दानाची नोंद ठेवणारी व्यवस्था त्या नगरात होती. ते फलक नष्ट झाले. त्यांचा उल्लेख मात्र दगडावर कोरला गेल्यामुळे टिकला. कार्ल्याला सुतार सामी आणि सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त यांची नावे दात्यांत सापडतात, नाशिकला एका कोळ्याचे नाव आहे. राजांची नावे पाठ करणाऱ्या मुलांना या नावांचे अधिक कौतुक वाटते, असा आमचा अनुभव आहे.

स्त्रियांच्या बाबतीत कागद अधिकच मुका आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ १९८९ मध्ये सिद्ध केला, तेव्हा त्यांनी जुन्या वृत्तपत्रांतील त्रोटक बातम्या आणि चळवळीतील स्त्रियांच्या प्रत्यक्ष मुलाखती अशा दोन्ही वाटांनी काम केले. आमच्या मुलींना आम्ही हीच वाट दाखवितो. आजीला प्रश्न विचारावयाचे, तिचे शब्द जसेच्या तसे लिहावयाचे, आणि तिने सांगितलेले साल मेळात बसते का, हे इतर नोंदींवरून पाहावयाचे. आजी साल चुकते. प्रसंग सहसा चुकत नाही.

मोडी लिपीची अडचण येते, हे खरे. परंतु पुराभिलेख विभागाचे मोडीचे छोटे वर्ग चालतात, आणि दोन शिक्षक ते शिकून आले, तर शाळेचे काम भागते. मुले मोडी फार हौसेने गिरवितात. वसतिगृहात सध्या चिठ्ठ्या त्याच लिपीत फिरतात, आणि त्या अधीक्षकांना वाचता येत नाहीत, हा त्यातील एक फायदा.

हे सर्व करावयाचे, तर विद्यालयाचे स्वतःचे दप्तर आधी वाचले पाहिजे. आज जुनी रजिस्टरे, वसतिगृहाच्या हजेरी व किराणा वह्या, देणगीच्या पावत्यांची स्थळप्रत पुस्तके आणि संस्थापकांचा पत्रव्यवहार भांडारगृहाशेजारच्या खोलीत एकावर एक रचून ठेवलेले आहेत. तेथे पावसाळ्यात भिंत ओलावते आणि खालच्या थराला वाळवी लागलेली आम्ही पाहिली आहे. संस्थेच्या कार्यकारिणीला आमची विनंती आहे की, नव्या सभागृहाच्या खर्चातून दोन लोखंडी कपाटे आणि एक कोरडी खोली यांची तरतूद प्रथम करावी. जुन्या कागदांना प्लॅस्टिकचे लॅमिनेशन कोणीही करू नये; ते पुन्हा काढता येत नाही आणि आतला कागद खराब होतो. पेशवे दप्तरातील कागद कापडाच्या रुमालात बांधून टिकले. आपल्यालाही धुतलेले सुती कापड पुरेल. स्कॅनिंग जरूर करावे. ते झाले म्हणून मूळ वह्या रद्दीत घालू नयेत.

माजी विद्यार्थ्यांकडे मागणे थोडे आहे. मेळाव्याला येताना घरातील एखादे जुने पत्र, वसतिगृहातून वडिलांना पाठविलेले कार्ड, गुणपत्रक, विहाराच्या पायाभरणीची पत्रिका किंवा गटाचे छायाचित्र सोबत आणावे. छायाचित्राच्या मागे, ओळखू येतील त्यांची नावे डावीकडून उजवीकडे, शिसपेन्सिलीने लिहावीत. शाईने लिहू नयेत. मूळ वस्तू द्यावयाची नसेल, तर नववीची मुले तेथेच प्रत काढून ती लगेच परत करतील. नोंदवही दाराशी ठेवलेली असेल आणि प्रत्येक कागदाची पावती मुलांच्याच हातची मिळेल.